हौसाची वळकटी

मिशनच्या शाळेत नोकरी केली की किस्से आपोआप साचतात. मी दुसरीची बाई होते. ते वर्ष दुष्काळाचं. आता सांगताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं!

बहुतेक किस्से हौसाचे. तिचं घर शनी शिंगणापूरला. आईबाप ऊसतोडीला कोल्हारकडे गेले आणि आजोबांनी तिला आमच्या बोर्डिंगात आणून सोडलं. घरात दाणा नव्हता, आमच्याकडे दोन वेळा सुकडी आणि दूध मिळायचं.

आजोबांनी शाळा चालवणाऱ्या सिस्टरना दारातच बजावलं, "पोरगी बाटवल्याचं नुसतं कळू द्या, त्याच पावली घिऊन जाईन!"

घेऊन जाऊन खायला काय घालणार, हे विचारायची माझी छाती झाली नाही. तेव्हापासून हौसाने काहीही केलं की मला धडकीच भरायची.

*

पहिल्याच दिवशी प्रार्थना झाली. सगळ्यांनी "आमेन" म्हटलं आणि हौसाने हात वर करून आरोळी ठोकली, "शनी महाराज की...!"

"जय!" अख्खा वर्ग. त्यात फर्नांडिसांची दोन्ही पोरं!

आता सिस्टर काय म्हणतात, म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं. सिस्टर म्हणाल्या, "आवाज निघतो म्हणजे तुमचा! मग प्रार्थनेला काय होतं?"

*

हौसा कुठलंच दार लावायची नाही. एकदा चॅपलचं दार तसंच उघडं टाकलं. शेळी आत शिरली आणि वेदीवरची फुलं फस्त करून गेली. त्या वर्षी फुलं मिळायची मारामार!

सिस्टरनी तिला कडी दाखवली. "ही अशी लावायची."

"आमच्यात दारच नसतंया, सिस्टर." हौसाने कडी दोनदा वाजवून बघितली. "तुमच्या देवाला चोराचं भ्या वाटतं व्हय?"

सिस्टर तडक ऑफिसात गेल्या. रागावल्या की हसायला गेल्या, मला आजतागायत कळलेलं नाही.

*

मग वर्गात उपासाची चढाओढ लागली. रशीद म्हणाला, मी रोजा धरला होता. मार्था म्हणाली, आम्ही शुक्रवारी मटण खात नाही. हौसा म्हणाली, "माझा शनवार!"

पुढच्या शनिवारी तिघांनीही सुकडीला हात लावला नाही. एरवी घरी चूल पेटत नाही म्हणून इथे आलेली पोरं ही!

सिस्टरनी फर्मान काढलं, "उपास मोठेपणी. तोवर सगळ्या देवांच्या वतीने मी सांगते, जेवा!"

*

आणि मग आला राखेचा बुधवार.

सकाळीच आजोबा हजर. "बाई, पोरीची वळकटी बांधा. गावात लई बोलत्यात."

मी बांधली. हौसाला शोधायला चॅपलकडे गेले, आजोबा मागोमाग आले. आत रांग लागली होती. फादर एकेकाच्या कपाळाला राख लावत होते, आणि हौसा नुकतीच लावून घेऊन बाहेर येत होती.

मी पदराने पुसायला धावले. ती केवढ्याने ओरडली, "पुसू नका बाई, आंगारा हाय!"

आजोबांनी तिची हनुवटी धरून कपाळ बघितलं. "ह्यो कशाचा आंगारा?"

खोटं सुचेना. "माणूस मातीचा आणि मातीतच जायचा, असं म्हणत फादर लावतात, आजोबा."

त्यांनी बाहेरच्या वावराकडे बघितलं. तिथे धुळीशिवाय काही नव्हतं.

"आमच्यात लावत्यात तवा म्हनत्यात, समदं चांगलं व्हईल," ते म्हणाले. "ह्यो फादर खरं बोलतुया."

त्यांनी पागोटं काढून काखेत धरलं आणि दुसरीच्या पोरांच्या मागे रांगेत उभे राहिले. तिथूनच, माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तेवढी वळकटी सोडा."