तेविसाने भाग गेला

रोह्याचे एलियास पेणकर मास्तर शनिवारी पेन्सिलीला हात लावत नसत. शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या वारी, लिहायचं नाही, हा त्यांच्या बेने इस्रायल ज्यू घराण्याचा नेम. पण गणिताची खाज काय वार बघून थांबते? पेणच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेले मास्तर मग ओटीवर डोळे मिटून तोंडी भागाकार करत बसत. आकडा ठरलेला, ९९९९१. पाच आकडी मूळ संख्यांतली सर्वांत मोठी. एक आणि ती स्वतः सोडली, तर तिला कशानेच भाग जात नाही. तीनशे सतराचा वर्ग तिच्या पुढे जातो, म्हणून त्याच्या आतल्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. दर खेपेला काहीतरी बाकी उरायलाच हवी. ती उरली की मास्तर खूश, डोकं शाबूत!

धास्ती होती ती डोक्याचीच. त्यांचे वडील शेवटी शेवटी बायकोलाच विचारत, "बाई, तुम्ही कोणाच्या?" इस्रायलला गेलेला मुलगा जोशुआ सारखा बोलावत होता, पण मास्तर ढिम्म. "माझं डोकं सरकलं की निमूट जोशुआकडे जाईन," एवढा शब्द मात्र त्यांनी बायकोला, रूथला, दिला होता. रोहा सोडायच्या नुसत्या विचाराने त्यांना कापरं भरे.

शहाण्णव सालातल्या एका शनिवारी दुपारी तेविसाने भाग गेला. बाकी शून्य.

पुन्हा केलं, पुन्हा शून्य. संख्या काही बदलायची नाही, मग बिघडलं ते डोकंच! चूक शोधायला हात शिवशिवत होते. पाटी समोर फळीवर होती, पण आकाशात तीन तारे दिसेपर्यंत शब्बाथ. जेवणावर वासना जाईना. ते अंगणात येरझारा घालत राहिले, आणि मेला सूर्य काही कलेना.

अखेर तारे दिसले. मास्तरांनी गुणाकार पाटीवर मांडला. चाळीस आणि एक्केचाळीस मिळून त्यांनी एक्क्याण्णव धरले होते. खरी बाकी दहा. दुसरीतल्या पोराचा कान पिरगाळावा अशी चूक, आणि तीही दोनदा.

लपवता आलं असतं. पण दिलेला शब्द त्यांना मोडवेना.

"रूथ, जोशुआला कळव," ते म्हणाले. "तेविसाने भाग गेला."

रूथने पाटी काढून घेतली आणि पदराने पुसली. "ठावूक हाय. गेल्या शनवारी पन तेविसानंच गेलेला. तवा पन हेच बोललात, जोशुआला कळव."

मास्तरांना गेला शनिवार आठवेना.

"मग कळवलंस?"

"नाय. मला पन नाय जायचं."

"आणि त्याच्या आधीच्या शनिवारी?" त्यांनी घाबरत विचारलं.

रूथ चूल पेटवायला आत गेली.