दोन पेटी आणि एक पिस्तूल

२० मे २०२४ रोजी भिवंडी लोकसभा मतदारसंघात मतदान झाले. निवडणुकीच्या काळात परवानाधारकांची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात. कामतघरचे यंत्रमागमालक फखरुद्दीन बुबेरे यांचे बत्तीस बोअरचे पिस्तूलही असेच उन्हाळाभर ठाण्यात पडून होते. त्याच उन्हाळ्यात त्यांची मुलगी मेहरीन आपल्या दीड वर्षाच्या लेकीला घेऊन माहेरी मुक्कामाला आली. लेक रांगायला लागल्यापासून मेहरीन या घरात रात्रीची थांबली नव्हती. दुपारी यायची, जेवायची आणि दिवेलागणीच्या आत मुंब्र्याला परतायची.

निकाल लागले, आचारसंहिता उठली आणि ठाण्यातून फोन आला, की तुमचे शस्त्र घेऊन जा. फोन ठेवेपर्यंत मेहरीनने पिशवी भरायला घेतली होती.

"अब्बा, ते येणार असेल तर मी निघते. भांडत नाहीये, फक्त सांगतेय."

"कपाटाला दोन कुलपं आहेत, बेटा."

"आणि चाव्या कुठे असतात, ते तुमच्या नातीला आत्ताच माहीत झालंय."

पिस्तूल की नात, असा प्रश्न कुणी एवढ्या सरळ विचारला असता, तर त्याचे उत्तर सोपे होते. पण ते पिस्तूल हौसेने आलेले नव्हते. दहा वर्षांपूर्वी कारखान्यातल्या फोनवर एका अनोळखी आवाजाने एवढेच सांगितले होते: "शनिवार तक दो पेटी नहीं पहुँची, तो उठाने को आदमी भेजता हूँ." मुंबईच्या टोळीवाल्यांच्या बोलीत पेटी म्हणजे लाख, आणि उचलणे म्हणजे काय, ते सांगायला नको. पोलिसांनी तपास केला, तेव्हा फोन नाक्यावरच्या नाणे टाकून बोलायच्या डब्यावरून आल्याचे कळले. पुढचा धागा मिळाला नाही. शनिवार आला आणि गेला. कुणी फिरकले नाही. फखरुद्दीन मात्र त्या आठवड्यापासून नीट झोपले नाहीत. पुढे रीतसर अर्ज, चौकशी आणि प्रतीक्षा करून त्यांनी परवाना मिळवला.

दुकानात त्यांनी हत्यार पारखूनच घेतले होते. फार लहान घेतले तर हातात बसत नाही, मोठे घेतले तर कुर्त्याखाली लपत नाही, म्हणून मधल्या आकाराचे. झटका सौम्य, मूठ त्यांच्या पंजाला बरोबर, वजन झेपण्याजोगे. या गोष्टी तेव्हा खऱ्या होत्या आणि आजही खऱ्या होत्या. तोटे मात्र दुकानात दिसण्यासारखे नव्हतेच. मागांच्या खोलीत हवेत सुताचे तंतू उडतात, ते हत्यारात जाऊन बसतात. एकदा सरावाच्या वेळी गोळी आतच अडकली. उन्हाळ्यात घामाने लोखंड डागाळते. मागांच्या खडखडाटात शेजारचा माणूस ओरडलेला ऐकू येत नाही, तिथे मागून आलेल्या माणसाची चाहूल कशी लागणार? ज्याने आपल्याला सांभाळायचे, त्यालाच आपण सांभाळत बसलो आहोत, हे त्यांना कळत होते. तरीही, तो आवाज पुन्हा आला तर?

दुसऱ्या दिवशी ते कारखान्याबाहेर चहा घेत होते. शेजारी सोमा होता. तो शेलार गावचा, त्यांच्याकडे पंचवीस वर्षे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा.

"शेट, घोडा आणायला जायाचा न्हाय का?" मुंबईकडे पिस्तुलाला घोडाच म्हणतात.

"मन होत नाही. पण तो माणूस काय बोलला होता, ते कानातून जात नाही."

"काय बोलला होता म्हंजे? धमकी दिलेली ना?"

फखरुद्दीन थबकले. धमकी आली एवढेच त्यांनी कारखान्यात सांगितले होते. कामगार घाबरतील म्हणून नेमके शब्द कधी उच्चारलेच नव्हते. आज त्यांनी ते वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवले.

सोमाने ग्लास खाली ठेवला. "दो पेटी?"

"हो. दोन लाख."

"शेट, सुताच्या पेटीला आपन काय म्हनतो?"

"पेटीच."

"मंग? एकदा कुनाच्या तरी दोन पेट्या चुकून आपल्याकडं उतरल्या होत्या. तुम्ही आबिदाचाचींना घेऊन दवाखान्यात होता. मी त्या सूत गुंडाळलेल्या बीमांच्या मागं सारून ठेवल्या आन् सांगायचं राहून गेलं. मंग एक टेम्पो आला, दोन हमाल आले, उचलून घेऊन गेले."

"उठाने को आदमी," फखरुद्दीन हळूच म्हणाले.

"म्हंजे दोन खोक्यांसाठी तुम्ही घोडा घेतलाव?"

"खोका म्हणू नकोस रे बाबा. टोळीवाल्यांत खोका म्हणजे कोटी. पोलीस पुन्हा तपास काढतील."

सोमा इतका हसला, की आतून दोन कामगार दारात येऊन उभे राहिले. फखरुद्दीनही हसले. पण ते हिशेबी माणूस, हसता हसता त्यांनी विचारले, "कोणतं साल होतं ते, सोमा?"

"उन्हाळा होता. साल... ते आता कसं सांगू, शेट? त्याच साली असंल. न्हायतर पुढच्या."

म्हणजे खात्री नव्हतीच. चालत घरी जाताना त्यांच्या लक्षात आले, की ती आता हवीशीही वाटत नाही. दहा वर्षे त्या वाक्याचा एकच अर्थ त्यांच्या छातीवर बसला होता. दुसरा अर्थ असू शकतो, एवढ्यानेच श्वास मोकळा झाला होता.

त्यांच्या पत्नी आबिदा दारातच होत्या. "आणलंत?"

"नाही. आणणारही नाही. परवाना परत करतो, पिस्तूल दुकानदाराला देऊन टाकतो."

"आणि तो फोनवाला?"

"आला तर त्याला चहा पाज. बहुतेक हमाल असेल."

सारी हकीकत ऐकून आबिदांनी कपाळावर हात मारला. "या अल्ला! आणि मी इतकी वर्षं यापायी दर शुक्रवारी दुआ मागत होते!" आत मेहरीनने पिशवीतले कपडे परत काढून ठेवले, आणि नात लगेच रिकाम्या पिशवीत जाऊन बसली.

ठाण्याच्या पोलीस आयुक्त कार्यालयाची परवानगी आल्यावर फखरुद्दीन यांनी पोलीस ठाण्यातून पिस्तूल उचलले आणि थेट शस्त्रविक्रेत्याकडे पोचते केले. ते घरी आले नाही. कपाटाच्या त्या खणात आता नातीचे झबले-टोपडे असते आणि कुलूप एकही नाही. मेहरीन दर शनिवारी मुक्कामाला येते.

तो फोन कुणी केला, हे अद्याप माहीत नाही. सोमाला आठवणाऱ्या पेट्या त्याच वर्षीच्या होत्या की नाहीत, हेही माहीत नाही. त्या कुणाच्या होत्या, ते सांगणारे कुणी सापडलेले नाही.