पुठ्ठ्यातली कादंबरी

यंदाच्या आवडत्या-नावडत्या पुस्तकांची यादी करताना चळवळीच्या पत्रकांचा जुना बांधीव खंड काढला. पुठ्ठा उकलला आणि खळीचा आंबूस वास आला.

सोळाव्या वर्षी ही पत्रकं मी पुसदला बाइंडर रहीमचाचांकडे नेली होती. सोबत एक कादंबरी आपटली. "चाचा, हिची पानं पुठ्ठ्यात चिकटवा. मोर्चा नाही, मागणी नाही, नुसती रद्दी!"

"पुरी वाचली का, बेटा? बिगर वाचलेली किताब मी फाडत नसतो."

"वाचली ना!"

मी दहाच पानं वाचली होती. चाचांनी सावकाश पान फाडलं.

आज ते पुठ्ठ्यातून सुटून हाती आलं. त्यात एक बाई मेलेल्या लेकीची वेणी घालत होती. पुढची ओळ खळीत गेली होती.

यादीतल्या तीन नावडत्या पुस्तकांपैकी दोन मी खोडली. तीही दहा पानांपुढे वाचली नव्हती.