चौथा मणका

"हलू नका, मी आहे ना," म्हणत मामा पेशंटच्या घोट्यावर तळवा ठेवायचे. टेबलावर पालथं पडलेल्या माणसाला ना डॉक्टर दिसतात, ना सुई. तो तळवा तेवढा कळतो.

परळच्या एका इस्पितळात मी एक्स-रे टेक्निशियन आहे. कंबरदुखी आणि सायटिकावर मणक्यात इंजेक्शन देतात, ते आमच्या खोलीत. कमानीसारखं यंत्र मी पेशंटवर आणते, पडद्यावर मणके उमटतात आणि ते बघत डॉक्टर सुई दबलेल्या नसेपाशी नेतात. मामा तिथले वॉर्डबॉय. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, रजेवर गेली की खोलीतलं काहीच जागेवर सापडत नाही.

एकदा व्हीलचेअरवरून आलेले एक आजोबा इंजेक्शननंतर लिफ्टपर्यंत चालत गेले. मामा त्यांच्यामागून रिकामी खुर्ची ढकलत गेले आणि परत येऊन मला म्हणाले, "बघितलंस बाय? रिकामी!" जणू सुई त्यांनीच दिली होती.

मग मामा ट्रॉलीला टेकून उभे राहू लागले.

"उसण भरलीय गो," म्हणाले. महिन्याभराने म्हणाले, आडवं झालं की जास्त दुखतं, म्हणून करी रोडच्या खोलीत भिंतीला टेकून बसूनच झोपतो. युनिफॉर्मची पँट त्यांनी नाडीने आवळली होती.

"मामा, सरांना सांगा."

"नको हां. नसत्या तपासण्या मागे लावतील. एक सुई घेतली की झालं. रोज बघतोय ना मी!"

ते रोज बघत होते, तसं रोज ऐकतही होते. रात्री दुखण्याने जाग येते का, वजन उतरलंय का, हे डॉक्टर प्रत्येकाला विचारतात. उत्तर 'हो' आलं की इंजेक्शन थांबतं, आधी तपासण्या होतात.

मामांनी सुई मागितली, तेव्हा डॉक्टरांनी त्यांनाही विचारलं.

"नाय सर. तेवढंच आहे."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी शिशाचा एप्रन बांधत होते. बांधत राहिले.

मामांचा एमआरआय दोन वर्षांपूर्वीचा होता. नवा काढा, असं डॉक्टर म्हणाले. मामांनी हात जोडले. इतक्या वर्षांचा माणूस, डॉक्टरही विरघळले.

मामा पालथे झोपले. मी यंत्र कमरेवर आणलं. समोरून पाहिलं की प्रत्येक मणक्यात दोन गोल ठिपके दिसतात, डोळ्यांसारखे. चौथ्या मणक्याला एकच डोळा होता. मी यंत्र जरा कलतं केलं, पुन्हा चित्र घेतलं. एकच. दुसऱ्या जागी काहीतरी हाड खाऊन गेलं होतं.

डॉक्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवली. आवाज झाला.

"बाय," उशीतून मामा म्हणाले, "पडद्यावर काय आहे?"

"मशीन अडकलंय, मामा."

मशीन अडकल्यावर मी कशी कुरकुरते, ते त्यांना पाठ होतं.

त्याच दुपारी एमआरआय झाला. कॅन्सर फुप्फुसातून मणक्यात उतरला होता. पुढचे चार महिने दुसऱ्या इस्पितळात गेले. मी भेटायला जायचे तेव्हा ते नवीन वॉर्डबॉयची चौकशी करायचे. एकदाच म्हणाले, "तेव्हा बोलली असतीस तर?" मग स्वतःच, "मी खोटी पाडली असती तुला." यातलं कुठलं वाक्य धरून ठेवावं, मला अजून कळलेलं नाही.

ते गेल्यावर मी करी रोडला गेले. मामींनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्या हातात दिलं. "हे काय लिहायचे ते? तुला ठाऊक असेल."

दर शनिवारच्या चौकोनात पेन्सिलीने आकडा होता. आमच्या ओपीडीच्या काट्यावरचं वजन. चौसष्ट. बासष्ट. साठ. अठ्ठावन्न.

इंजेक्शनच्या शनिवारी आकडा नव्हता. तिथे लिहिलं होतं, 'आज सुई. आता भरेल.'