वहिनींचं वळण

सदलग्याच्या शाळेत चौथीचा वर्ग घेत होतो, तेव्हा निपाणीहून थोरल्या भावाचं, अण्णाचं, कार्ड आलं. 'अनसूया काल सकाळी गेली. जमेल तसा ये.' बस्स, एवढंच... त्याला आता महिना झाला.

अण्णा निपाणीत पाट्या रंगवी. पट्टी लावून, आखून, ठोकळ्यासारखी अक्षरं काढी. अनसूया वहिनी येळ्ळूरच्या शेतकऱ्याची लेक, शाळा कधी न पाहिलेल्या. रंग घोटून देणं आणि ब्रश धुणं एवढंच त्यांचं काम. एकदा अण्णा शिडीवरून पडला आणि त्याचं उजवं मनगट मोडलं. नाटक कंपनीचा कापडी फलक दुसऱ्याच दिवशी बाजारात लागायचा होता आणि कापड तर कोरं. वहिनींनी मॅनेजरनं दिलेली मजकुराची चिठ्ठी समोर ठेवली आणि न आखताच ब्रश टेकवला. चिठ्ठी घाईत लिहिलेली, तर त्यांनी ती घाईही उतरवली. अक्षरं जराशी कललेली, पोटात जाड, शेपटीला बारीक, वर एका दमात ओढलेली रेघ. कुणीतरी समोर बसून बोलतंय असं वाटावं.

मॅनेजर आला तेव्हा मी तिथंच होतो. हे अक्षर कुणाचं, असं त्यानं विचारलं. अण्णाला स्वतःचं नाव सांगता आलं असतं.

"हिनं काढलंय," तो म्हणाला, "आन् माझ्यापरीस चांगलं काढलंय."

मॅनेजरनं फलकावर 'आज' एवढा शब्द वाढवायला सांगितला. वहिनी ब्रश घेऊन नुसत्याच उभ्या राहिल्या. मग खाली बघत म्हणाल्या, "मला वाचाय येत न्हाय. दावलं तर काढीन." त्यानं कोळशानं फरशीवर लिहून दाखवलं, त्यांनी काढलं. तिथून पुढं कंपनीचे सगळे फलक त्यांच्याकडेच येऊ लागले.

पण वाचता येत नाही ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली होती. "भावजी, हातातनं काय उतरतंय त्ये मला कळाय पायजे," असं त्या मला म्हणाल्या. दर रविवारी मी जाऊन शिकवू लागलो. चार महिन्यांनी बाजारात, स्वतःच रंगवलेल्या तंबाखूच्या वखारीच्या पाटीखाली उभं राहून त्यांनी ती वाचली... हळूहळू, हवेत बोट फिरवत. 'तंबखू' लिहिलं होतं. एक काना राहिला होता. वखारवाला म्हणाला, असू दे, इतक्या दिवसांत कुणाला दिसलं नाही.

"मला दिसतंय न्हवं," वहिनी म्हणाल्या, आणि पाटी उतरवून घरी घेऊन आल्या. पुढं त्या कानडी अक्षरंही शिकल्या, तीही वाचायला आल्यावरच पाटीवर काढली.

दिवसकार्य झाल्यावर मी दोन दिवस राहिलो. जन्मात चुलीपुढं न बसलेला अण्णा भात टाकत होता. फळीवरच्या डब्यांवर लाल रंगात त्याच कललेल्या वळणाची अक्षरं होती. तांदूळ, डाळ, तिखट, मीठ. शेवटच्या आजारपणात अंथरुणात बसून त्यांनी ती काढली होती म्हणे. त्यांना स्वतःला त्याची काय गरज... अण्णा एकेक डबा मोठ्यानं वाचून खाली घेत होता. मिठाचा डबा उघडला, चिमूटभर टाकलं, झाकण लावलं. भात होईपर्यंत तो डबा त्यानं हातातून खाली ठेवला नाही.