पणकाकांचं बंद घड्याळ

माझे धाकटे काका घड्याळं दुरुस्त करतात, पण गल्लीत त्यांना ओळखतात ते पणकाका म्हणून. कुणी कसलीही हकिगत सांगो, काका डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवणार आणि म्हणणार, "पण मला एक सांगा..." झालं! सांगणाऱ्याचं तोंड एवढंसं होतं.

त्यांचा सगळ्यात मोठा 'पण' होता एका जुन्या, काळ्यापांढऱ्या रहस्यपटावर. चाळीस वर्षांपूर्वी गावातल्या एकुलत्या एक थिएटरात तो त्यांनी अकरा वेळा पाहिला. शेवटी पोलीस अधिकारी भरल्या दिवाणखान्यात सरळ भिंतीवरच्या घड्याळाकडे जातो आणि आतून खुनाचा पुरावा असलेली चिठ्ठी काढतो.

"पण चिठ्ठी तिथे आहे हे त्याला सांगितलं कुणी? स्वप्न पडलं? प्रेक्षक काय बावळट वाटले त्या दिग्दर्शकाला?"

हा प्रश्न त्यांनी गिऱ्हाइकांना विचारला, सोयऱ्याधायऱ्यांना विचारला, दात काढायला गेले तेव्हा तोंड उघडंच होतं म्हणून डॉक्टरांनाही विचारला. उत्तर कुणाकडेच नव्हतं. शिक्षण जेमतेम सातवी, आणि एवढ्या नावाजलेल्या सिनेमातली चूक आपण पकडली, ह्याचा त्यांना कोण अभिमान! मला त्यांचं हसू यायचं आणि मायाही वाटायची.

हे सगळं रोज चहाबरोबर निमूट ऐकून घ्यायचे ते त्यांचे जिवलग मित्र, त्याच थिएटरातले निवृत्त ऑपरेटर.

गेल्या महिन्यात मला तो सिनेमा इंटरनेटवर अख्खा सापडला. रविवारी सकाळी टीव्हीवर लावायचं ठरलं. शनिवारी दुपारी, काका दुकानात असताना, ऑपरेटरकाका घरी आले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"पोरी, नको लावूस तो. पोलिसाला सांगणारी मोलकरीण आहे त्यात. दीड मिनिटाचा सीन. सिनेमा लागल्यावर तिसऱ्याच दिवशी मी डबा खात बसलो आणि फिल्म यंत्रात गुंतली, पार चिंध्या झाल्या. तेवढी पट्टी कापली, दोन टोकं चिकटवली आणि गप्प बसलो. मालकाला कळलं असतं तर नोकरी गेली असती, थोरली तेव्हा महिन्याची होती. तुझा काका पहिल्यांदा आला तो चौथ्या दिवशी."

"मग नंतर तरी सांगायचं!"

"आधी नोकरीची भीती होती, मग ह्याची. इतकी वर्षं वेड्यात काढलं म्हणून तो माझं तोंड बघणार नाही. मला दुसरं आहे कोण बोलायला?"

मला वाईट वाटलं, पण काकांना मी शब्द दिला होता. म्हटलं, "लावणार तर आहेच. तुम्ही या, आणि तुम्हीच सांगा."

रविवारी पणकाका इस्त्रीचा शर्ट घालून टीव्हीसमोर बसले. ऑपरेटरकाका दाराजवळच्या खुर्चीवर टेकले. सिनेमा संपत आला तशी पडद्यावर मोलकरीण आली. "साहेब, खून झाला तेव्हापासून हे घड्याळ बंद आहे. आत काहीतरी अडकलंय वाटतं."

काका ताडकन उभे राहिले. मी सिनेमा थांबवला.

"हे कुठे होतं?"

"माझ्या कात्रीखाली," ऑपरेटरकाका म्हणाले, आणि त्यांनी घडाघडा सगळं सांगून टाकलं.

काकांचा चेहरा पार उतरला. म्हणाले, "म्हणजे चाळीस वर्षं मी दिग्दर्शकाला घातलेल्या शिव्या तुझ्या होत्या?"

"हो. रोज बसून घेतल्या की रे, एकूण एक."

काका हसले नाहीत. मला म्हणाले, "लाव पुढे." ऑपरेटरकाका उठून चपला शोधू लागले.

पडद्यावर दिवाणखाना भरला. अधिकारी आत आला आणि भिंतीवरच्या घड्याळाने दहा टोले दिले.

काकांचा हात डोळ्याकडे गेला. भिंग नव्हतंच, तरी त्यांनी ते कपाळावर सरकवलं.

"अरे, चाललास कुठे? पण मला एक सांग. घड्याळ खुनापासून बंद आहे ना? मग हे टोले दिले कुणी?"

ऑपरेटरकाका एका पायात चप्पल घालून तसेच उभे राहिले. "देवाशपथ, तिथे मी कात्री लावलेली नाही!"

"ठाऊक आहे. ये, बस इथे." काकांनी शेजारची उशी उचलून जागा केली. "आणि पोरी, जरा मागे घे. ह्यालाही टोले मोजू दे."