नंबराविना निकाल

कापसाची वाळकी पऱ्हाटी जळल्याचा वास आला की माझी पाठ अजून आखडते. बारावीच्या निकालादिवशी काकांनी बाबांच्या मोबाईलवर एका वेबसाइटची लिंक पाठवली. पाठवताना लिंकच्या शेवटी असलेला माझा सीट नंबर कापला गेला होता. नंबर आलाय का हे न तपासताच त्या पानानं नावाची जागा कोरी ठेवून लाल अक्षरांत 'नापास' दाखवलं. बाबांनी अंगणातल्या ढिगातून पऱ्हाटी ओढली. "बाबा, त्यात माहा नंबरच नाई!" मी ओरडले. "वरून तोंड चालवून राह्यली?" पाठीवर पऱ्हाटी मोडली, तशी त्यांनी दुसरी घेतली. मधे पडलेल्या आईचं कपाळ फुटलं. दुपारी आर्वीच्या कॉलेजातून पास झाल्याचं कळलं, आणि बाबांनी गावभर पेढे वाटले. आता मी वेबसाइटची अशीच पानं बनवते. नंबर आला नसेल तर माझं पान निकाल देत नाही, आधी विचारतं. बाबांनी मात्र अजून विचारलेलं नाही, लागलं होतं का.